युनियनचा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला तर?

प्रश्न : माझे बाबा सावनेरकडच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेत, आयुष्यभर युनियनचं काम केलं. त्यांचं एकच म्हणणं, युनियनचा माणूस देशाच्या खुर्चीत बसला तर कामगाराचे हाल होणारच नाहीत. असं कुठे झालंय का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : झालंय. आफ्रिकेतल्या झांबियात, आणि तोही खाणींचाच देश, फक्त कोळशाऐवजी तांब्याच्या. फ्रेडरिक चिलुबा हे नाव बाबांना सांगा. उंची पाच फुटांच्या आसपास, एन्डोला शहरात एका कंपनीत अकाउंट्सचा क्लार्क, तिथून युनियनमध्ये शिरले आणि 1974 मध्ये झांबिया काँग्रेस ऑफ ट्रेड युनियन्सचे अध्यक्ष झाले. तेव्हा देशात एकच पक्ष, राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडांचा, म्हणजे सरकारला जाब विचारायला युनियनशिवाय दुसरं होतंच कोण! 1981 मध्ये खाणपट्ट्यात संप पेटले तेव्हा कौंडांनी चिलुबांना खटला न चालवताच आत टाकलं, शेवटी कोर्टाने सोडवलं. मोठी पदं देऊ केली तरी हा माणूस सरकारच्या कच्छपी लागला नाही, आणि हे मला खरंच मोठं वाटतं.

पुढे मक्याच्या पिठाचे भाव वाढले, 1990 मध्ये दंगली झाल्या, बहुपक्षीय निवडणूक घ्यावीच लागली आणि ऑक्टोबर 1991 मध्ये चिलुबांनी कौंडांची 27 वर्षांची सत्ता उलथवली, जवळजवळ 75 टक्के मतं घेऊन.

आता बाबांच्या मुद्द्याचं बघू. तिथली सरकारी खाण कंपनी म्हणजे नुसती नोकरी नव्हती. क्वार्टर, दवाखाना, शाळा, पाणी, क्लब, अगदी अंत्यविधीचा खर्चसुद्धा कंपनीकडून, आपल्याकडच्या खाण कॉलनीत वाढलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पण तांब्याचे भाव पडलेले, डोक्यावर कर्जाचा डोंगर, आणि कर्ज देणाऱ्यांची अट एकच, विका. चिलुबांनी विकलं. अडीचशेच्या आसपास सरकारी कंपन्या, आणि 2000 पर्यंत खाणीसुद्धा. खाणीतल्या निम्म्याहून जास्त नोकऱ्या गेल्या आणि नोकरीबरोबर दवाखानाही गेला. तिजोरी रिकामी होती हे मान्य, पण कामगार त्यांच्यावर विश्वास ठेवून गप्प बसले आणि दुसरा कोणी असता तर एवढं विकणं जमलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचंही चांगलं नाही. 1996 मध्ये घटना अशी बदलली की आईवडील शेजारच्या मलावी देशाचे म्हणून कौंडांना उभंच राहता येऊ नये. पद गेल्यावर पैशांची प्रकरणं निघाली, 2007 मध्ये लंडनच्या कोर्टाने विरोधात निकाल दिला, 2009 मध्ये झांबियाच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, 2011 मध्ये ते वारले.

पण बाबांना 2001 सालचं नक्की सांगा. दोनच टर्मची मर्यादा असताना चिलुबांच्या माणसांनी तिसऱ्या टर्मची खटपट सुरू केली, तर चर्च, वकील, महिला संघटना एकत्र आल्या, लोक छातीवर हिरवी रिबीन लावून फिरायला लागले, शुक्रवारी संध्याकाळी राजधानी लुसाकात गाड्यांचे हॉर्न वाजायचे. त्यांच्याच पक्षातले मंत्री, खासदार उलटले. शेवटी मे महिन्यात चिलुबांना जाहीर करावंच लागलं की मी उभा राहणार नाही.