जुन्या वळणाचा गेम कंट्रोलर: एसएन३० प्रो, एम३० की पाचशेवाला? बांधणी कोणाची चांगली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खारघरला घरी लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या यंत्रांचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) लावून मुलासोबत जुने गेम खेळायचेत. एटबिटडू कंपनीचे एसएन३० प्रो आणि एम३० हे कंट्रोलर मनात भरलेत, पण हुबेहूब तसाच दिसणारा वायरवाला पाचशेत मिळतोय. मग जास्तीचे पैसे कशाचे?

मी ठाण्याला नौपाड्यात राहतो. ओळखीपाळखीच्या लोकांचे कंट्रोलर उघडून साफ करून द्यायचा नाद आहे, त्यामुळे या तिघांची पोटं पाहिली आहेत. जास्तीचे पैसे मुख्यतः डी-पॅडचे, म्हणजे डाव्या अंगठ्याखालच्या त्या अधिकच्या चिन्हाचे. बाकी बरंचसं दुय्यम आहे.

हे अधिकचं चिन्ह निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या ‘डाँकी काँग’ गेम अँड वॉचसाठी, म्हणजे हातात धरायच्या छोट्या गेमसाठी, आणलं. त्याच्या मधोमध खाली एक टेकू असतो आणि पॅड त्यावर डुलतो. डावीकडे दाबलं की उजवी बाजू उचलली जाते, म्हणून समोरासमोरच्या दोन दिशा एकदम लागत नाहीत. टेकू पुरेसा उंच आणि घट्ट असेल तर ‘उजवीकडे’ म्हणजे फक्त उजवीकडे. तो बुटका किंवा ढिला असला की उजवीकडे पळता पळता मध्येच ‘खाली’ लागतं आणि मारिओ भलत्याच वेळी बसतो. पॅडखाली रबराची पातळ चादर असते, तिच्या फुगवट्यांच्या पोटात कार्बनच्या टिकल्या. टिकली सर्किट बोर्डावर टेकली की बटण लागलं. स्वस्त मालात ही रबरं कुठे कडक, कुठे मऊ अशी येतात, आणि एका दिशेला जास्त जोर लावावा लागतो. लहान मूल मग तिथे सगळ्या ताकदीनिशी अंगठा रोवतं आणि रबर आणखी लवकर फाटतं.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, एवढं करून पाहा. ब्राउझरमध्ये गेमपॅड तपासायचं कुठलंही पान उघडा. उजवी दिशा घट्ट दाबून ठेवा आणि अंगठा जागेवरच थोडा वर-खाली डोलवा. वर किंवा खाली लगेच लागत असेल तर टेकू वाईट. मग अंगठा सावकाश गोल फिरवा, आठही दिशा ओळीने आल्या पाहिजेत. पाचशेवाल्यांत यात पास होणारे नग असतात, पण शेजारशेजारच्या डब्यांतले दोन नगही सारखे निघतील असं नाही. खरं म्हणाल तर तिथे तुम्ही लॉटरीचं तिकीट घेताय.

एसएन३० प्रोचा डी-पॅड सुपर निन्टेन्डो या जुन्या गेम यंत्राच्या वळणाचा, नेमका आणि थोडा कडक. उड्या मारायच्या गेमना उत्तम. बांधणी घट्ट आहे, पिळून पाहिला तरी कुरकुरत नाही. मात्र आकार मुळातल्यासारखाच लहान आणि सपाट, मागे मुठी नाहीत. मुलाच्या हाताला छान बसेल, तुमचा पंजा मोठा असेल तर तासाभराने बोटं आखडतील. तसं असेल तर त्याच कंपनीचा प्रो २ बघा. त्याला मुठी आहेत आणि बॅटरी मागचं झाकण उघडून काढता येते. ती दमली तर पेन्सिल सेलवरही चालतो. टिकाऊपणाच्या हिशेबात मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

एम३० ची जात वेगळी. सेगा कंपनीने १९९३ मध्ये आपल्या मेगा ड्राइव्ह या गेम यंत्रासाठी सहा बटणांचा पॅड काढला, त्याचं हे रूप. डी-पॅड गोल तबकडीसारखा, अंगठा त्यावर घसरत फिरतो. ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये तीन ठोसे आणि तीन लाथा असतात. सुपर निन्टेन्डोच्या मांडणीत त्यातली दोन बटणं वर खांद्यावर ढकलावी लागतात, इथे सहाही अंगठ्याखाली. खाली, तिरपं, पुढे, ठोसा: हादोकेन (त्यातला आगीचा गोळा फेकायचा डाव) गोल डी-पॅडवर जसा सहज निघतो तसा दुसरीकडे नाही. मारामारीचे गेम तुमच्या यादीत असतील तर डोळे मिटून एम३०. त्याला अ‍ॅनालॉग स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या, नाहीत, पण मेगा ड्राइव्ह आणि सुपर निन्टेन्डोच्या गेमना त्या लागतच नाहीत. (९० च्या दशकात आपण टीव्हीला जोडायचो त्या कॅसेटवाल्या डब्याच्या ‘रिमोट’ला तरी कुठे होत्या!)

आता आपल्याकडच्या हवेबद्दल, कारण परदेशी परीक्षणांत हे सापडत नाही. काही कंट्रोलरवर हाताला मखमलीसारखा लागणारा रबरी लेप असतो. दुकानात तो भारी वाटतो. ठाणे काय, खारघर काय, जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, आणि तो पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने हळूहळू विघटित होऊन चिकट होतो. मग धूळ, केस, सगळं त्यावर बसतं, आणि स्पिरिटने खरवडून काढण्याखेरीज इलाज राहत नाही. म्हणून साधं, खरखरीत, लेप नसलेलं प्लॅस्टिक घ्या. पावसाळ्यात कंट्रोलर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात टाका. बॅटरीवाला असेल तर पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने ठेवू नका.

वजनावरून मात्र दर्जा ठरवू नका. हातात जड लागतं ते बरंचसं बॅटरीचं आणि थरथराटाच्या मोटरांचं. वायरवाला घेतलात तर वायर जिथून बाहेर येते तिथे रबराचा जाड गळा आहे का ते बघा, आतली तार आधी तिथेच तुटते.

तुमच्या जागी मी असतो तर मुलाला एसएन३० प्रो आणि स्वतःला एम३० घेतला असता. बजेट एकाचंच असेल तर एसएन३० प्रो, आणि पाहुण्या खेळाडूसाठी वरच्या चाचणीत पास झालेला पाचशेवाला. एसएन३० प्रो लॅपटॉपला ब्लूटूथने जोडताना स्टार्ट आणि एक्स एकत्र दाबून चालू करा, म्हणजे विंडोज त्याला एक्सबॉक्सचा कंट्रोलर समजतं. नुसतं स्टार्ट दाबून बटणं उलटसुलट लागतात म्हणून लोक उगाच परत पाठवतात.