भरपाईचे पैसे जिममध्ये घालावेत का?

प्रश्न : मी २९ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला. राज्याच्या संघातून कबड्डी खेळलो. एका कंपनीच्या संघात करारावर महिना १८ हजार मिळायचे. तीन वर्षांपूर्वी स्पर्धेहून परतताना ट्रकने मोटारसायकलला उडवलं आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दीड महिन्यापूर्वी मोटार अपघात न्यायाधिकरणाचा निकाल लागला. व्याजासह ४३ लाख मंजूर झाले, त्यातले १५ लाख पाच वर्षांच्या बँक ठेवीत आणि २८ लाख माझ्या खात्यावर. दवाखान्यासाठीचं सोनेतारण आणि हातउसने मिळून ५ लाखांचं देणं आहे. मामेभाऊ म्हणतो, तालुक्याला निम्म्या भागीदारीत जिम काढू : माझे २० लाख, शिवाय दोघांच्या नावावर २५ लाखांचं कर्ज. वडील म्हणतात, गावच्या पतसंस्थेत ठेव, १० टक्के व्याज आहे. घरखर्च २४ हजार, पत्नीचे शिवणकामाचे ७ हजार येतात, मुलगी तीन वर्षांची आहे. काय करू?

उत्तर : तुम्ही पाठवलेली निकालाची प्रत मी आधी वाचली. उत्पन्नाच्या नुकसानीपोटी तुम्हाला २५ लाख ७० हजार ४०० रुपये धरले आहेत. हा आकडा कसा आला ते बघा. महिना १८ हजार, वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. प्रमाणपत्रावर अपंगत्व ५० टक्के म्हणून त्याचे निम्मे. त्याला २६ ते ३० या वयोगटाच्या गुणकाने, म्हणजे वयानुसार किती वर्षांची कमाई धरायची त्या ठरलेल्या आकड्याने, १७ ने गुणलं. म्हणजे तुम्ही मैदानावर आणि नोकरीत मिळवला असता तो आयुष्यभराचा पगार एकरकमी हातात आला आहे. याला भांडवल म्हणू नका. घर चालवायचे पैसे आहेत हे, आणि पुढचं सगळं उत्तर मी तेच धरून देतोय.

त्याआधी ते 'निम्मे' मला खटकतं. शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईची ताकद किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर त्या माणसाचा व्यवसाय बघून द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलं आहे. चढाईपटूची खेळावरची कमाई अर्धी जात नाही, सगळी जाते. शंभर टक्के धरले तर हाच आकडा ५१,४०,८०० होतो. तेवढा मिळेलच असं नाही. तुम्ही दुसरं काम करू शकता, असा युक्तिवाद समोरून होईल. पण उच्च न्यायालयात अपील करायला निकालापासून ९० दिवस असतात आणि त्यातले निम्मे गेले. या आठवड्यात वकिलांना भेटा. ट्रकच्या विमा कंपनीने अपील केलंय का, तेही विचारा. तिला तोच हक्क आहे, आणि तोवर मोठी रक्कम कुठे अडकवणं धोक्याचं आहे.

आता जिम. मामेभावाच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आकड्यांबद्दल आहे. २५ लाख, साडेअकरा टक्के, सात वर्षं धरली तर हप्ता साधारण ४३,५०० बसतो. तालुक्याच्या ठिकाणी भाडं ४० हजार, दोन ट्रेनरचे ३० हजार, लाइटबिल नि देखभाल १५ हजार. झाले १,२८,५००. महिना हजार रुपये फी घेतलीत तर १२९ जण दर महिन्याला न चुकता भरत राहायला हवेत, आणि तरीही तुमच्या दोघांच्या हातात शून्य. जानेवारीत गर्दी होते, परीक्षांच्या आणि पावसाच्या दिवसांत ओसरते, हप्ता मात्र ओसरत नाही. भागीदारी संस्थेत कर्जाची जबाबदारी प्रत्येक भागीदारावर पूर्ण असते. भाऊ बाहेर पडला तर बँक तुमच्या ठेवींकडे वळेल. माझं मत स्पष्ट आहे : २० लाख घालू नका आणि त्या कर्जावर सही तर अजिबात करू नका.

पतसंस्थेबद्दल थोडक्यात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, एका ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. अडीच-तीन टक्क्यांच्या जादा व्याजासाठी हा धोका तुमच्या घराने पत्करू नये. वडिलांना हे समजावताना माझं उत्तर दाखवलंत तरी चालेल.

मग काय करायचं? आधी ५ लाखांचं देणं फेडा, पत्नीचे दागिने सोडवून आणा. उरतात २३ लाख. अपिलाचा गुंता सुटेपर्यंत ते दोन-तीन बँकांत लहान मुदतीच्या ठेवींत राहू देत. मग पती-पत्नीच्या संयुक्त नावाने पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत १५ लाख ठेवा. तेवढीच मर्यादा आहे. सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५० मिळतील. न्यायाधिकरणाने ठेवलेल्या १५ लाखांचं व्याज दरमहा मिळावं म्हणून वकिलांमार्फत अर्ज करा. साडेसहा टक्के धरले तर ८,१२५. पत्नीचे ७ हजार मिळवून २४,३७५ होतात. घर चाललं, मुद्दलाला हात न लावता.

पण हे उत्पन्न वाढणारं नाही आणि महागाई थांबणार नाही. म्हणून उरलेल्या ८ लाखांतले ३ लाख अडीअडचणीला बँकेत आणि २ लाख पायासाठी वेगळे ठेवा. कृत्रिम पायाचा सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, कायम टिकत नाही, उरलेल्या पायाचा आकार बदलला की तो टोचू लागतो आणि नवा करावा लागतो. ३ लाख राहतात ते तुमच्यावर खर्च करायचे.

पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत : 'संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून मुलांची चढाई बघतो, पाय कुठे पडला ते सांगतो.' अख्ख्या पत्रात कमाईची खरी वाट मला तिथे दिसली, आणि आज ते काम तुम्ही फुकट करताय. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, वर्षभराची पदविकाही आहे. प्रवेशाच्या अटी विचारा. शाळा, महाविद्यालयं, मंडळं प्रशिक्षक घेताना कागद मागतात, तो हातात असू दे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर लगेच काढा. पुढे स्वतःचं प्रशिक्षण केंद्र काढावंसं वाटलं, तर दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्ज खाजगी कर्जापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

पॅरा खेळाकडे वळा, असं लोक सांगतात, असंही लिहिलंय. जरूर वळा. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले, बॉक्सिंग सुटलं, आणि १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्ण मिळवलं. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्य जिंकलं. मन आहे तर पूर्ण ताकदीने उतरा, फक्त बक्षिसाची रक्कम घरखर्चाच्या हिशोबात धरू नका.

मामेभावाला तोडून बोलू नका. जिम त्याने स्वतःच्या हिमतीवर काढावी, कबड्डीच्या मुलांची सकाळची बॅच तुम्ही ठरलेल्या पगारावर घ्याल, असं सांगा. वकील अपिलाबद्दल काय म्हणाले ते कळवा, पोस्टाचं त्यानंतर बघू.