ताटाशेजारचा मोबाईल

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगा अडीच वर्षांचा आहे. मिस्टर एमआयडीसीतल्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. मशीन बंद पडलं तर रात्रीही फोन येतो, म्हणून जेवताना मोबाईल ताटाशेजारीच असतो आणि मधूनमधून मेसेज बघणं चालू राहतं. माझाही फोन हातातच असतो. मुलगा हल्ली भात भिरकावतो, वाटी पालथी घालतो. याचा फोनशी संबंध असेल का?

उत्तर : बहुतेक आहे. जेवताना मुलाकडे नीट पाहा. घास तोंडात गेला की तो आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. तुमची नजर खाली असेल तर हाक मारतो, मग हात ओढतो आणि शेवटी वाटी पालथी घालतो. वाटी उलटली की दोघंही एकदम वर बघता. हे त्याला दोन-चार दिवसांत कळतं. त्याला हट्टी म्हणू नका, लक्ष वेधायचा तेवढाच खात्रीचा मार्ग त्याला सापडलेला असतो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले. ज्या शब्दाच्या वेळी मध्येच फोन आला, तो मुलांना आला नाही. शिकवण्याचा वेळ दोन्हींना सारखाच होता, फक्त धागा तुटला होता. ‘घेवडा’, ‘कोमट’, ‘अजून वाढ’ हे शब्द मूल ताटावरच शिकतं.

आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची आहे. घास घशात पूर्ण अडकला तर मुलाला ओरडता येत नाही, खोकताही येत नाही. कानाला काही कळत नाही, ते डोळ्यांनीच दिसतं. आपल्याकडे घरोघरी शेंगदाणे असतात. चार वर्षांपर्यंत आख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, कूटच द्या.

आता ड्युटीच्या फोनचं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ला वेळ लावता येते, साडेआठ ते नऊ लावा. शिफ्ट इनचार्जचा नंबर स्टार करून ठेवा आणि कॉलची परवानगी फक्त स्टार केलेल्या नंबरांना द्या. ‘रिपीट कॉलर्स’ चालू ठेवा, म्हणजे इतर कुणी पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर रिंग वाजेल. व्हॉट्सॲप कॉल नको, साधा फोन करा, असं कारखान्यात सांगून ठेवा. मग रिंग मोठी करून फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. बहुतेक घरांत चुकतं ते इथेच : फोन पालथा घालून ताटाशेजारी ठेवतात, नाहीतर खिशात व्हायब्रेटवर. लक्ष तिकडेच राहतं. कामाचा फोन आलाच तर “कामाचा फोन आहे, बोलून येतो” असं मुलाला सांगून उठा आणि परत ताटावर या.

जेवण वीस ते तीस मिनिटांत आटोपा. मुलाला प्रत्येक पदार्थ दोन-अडीच मोठे चमचेच वाढा, हवं तर तो मागेल. जेवणाआधी तासभर दूध-बिस्किट नको. भात भिरकावला तर एकदा शांतपणे “भात ताटात” म्हणा. पुन्हा भिरकावला तर न रागावता ताट उचला. पहिले तीन-चार दिवस भिरकावणं वाढेल, कारण जुनी युक्ती तो जोरात वापरून बघणार. तेव्हा माघार घेऊ नका.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवतात. त्यातली खुबी अशी की भोंगा सगळ्यांना सारखाच, कुणी कुणाला टोकायला नको. घरातही साडेआठचा गजर लावा. तुमचा फोनही त्याच वेळी बाहेर गेला पाहिजे.

प्रश्न : आमचं गाव विट्याजवळ. पती गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी तमिळनाडूत असतात. दीड वर्षाच्या मुलीला ते जेवणाच्या वेळीच व्हिडिओ कॉल करतात. तोही बंद करायचा का?

उत्तर : कॉल बंद करू नका. एवढ्या लहान वयात स्क्रीन नको म्हणणारे बालरोगतज्ज्ञही घरच्या माणसाशी होणारा व्हिडिओ कॉल वेगळा धरतात. तिला पप्पा ओळखीचे राहतात ते त्यामुळेच. फक्त वेळ हलवा : जेवणाआधी दहा मिनिटं बोला. पडद्याकडे बघत खाणारं मूल चमचा आला की तोंड उघडतं, पोट भरल्याचं त्याला उमगत नाही.

दुकान बंद करून त्यांना तीच वेळ मिळत असेल तर तेही ताट घेऊन बसू देत. फोन डब्याला टेकवून हातभर लांब ठेवा. “खा, खा” म्हणण्यापेक्षा “माझ्या ताटात भात आहे, तुझ्या ताटात काय?” असं त्यांनी विचारावं. कॉल संपला की फोन लगेच फळीवर ठेवा. पप्पा गेले म्हणून ती रडेल, त्या दोन मिनिटांत कार्टून लावून देऊ नका. तिला कडेवर घ्या.