१८०.०१ अंश

प्रिय पोरी,

बी.एड.च्या आंतरवासितेला, म्हणजे शाळेत शिकवायच्या सरावाला, तुला अंबाजोगाईजवळची झेडपीची शाळा मिळाली आणि तिथं प्रोजेक्टर आहे, हे वाचून आनंद झाला. जिओजेब्रा, ते भूमितीच्या आकृत्या हलवून बघायचं सॉफ्टवेअर, घरूनच लॅपटॉपवर टाकून ने. एकदा टाकलं की नेट लागत नाही. चार्जिंग मात्र पूर्ण करून ने, लाईट ऐन तासाला जाते.

तुझं पाठ टाचण वाचलं. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढायचा आणि कोनांची बेरीज १८० अंशच राहते हे मुलांना दाखवायचं, असं तू लिहिलंयस. पहिली दोन-तीन वर्षं मीही तेच केलं. पोरं खूश व्हायची. दुसऱ्या दिवशी 'पण १८०च का?' असं विचारलं की वर्ग गप्प. पडद्यावर दिसलं म्हणजे खरं, एवढंच मी त्यांना शिकवलं होतं. ते अजून टोचतं.

मग एकदा आठवीतल्या एका मुलीनं पडद्यावरचे कोन वहीत मांडले: ५०.३४, ६०.३४, ६९.३३. म्हणाली, "सर, १८०.०१ येतंय." तो तास मी तिच्या प्रश्नाला दिला. सॉफ्टवेअर दोनच दशांश स्थळं दाखवतं, ५०.३३६ चं ५०.३४ करतं; तीन कोनांतला असा फरक बेरजेत उतरतो. स्थळं वाढवून पाहिली, तरी शेवटच्या घरात कधीकधी फरक उरायचाच. मोजून भागत नाही हे पोरांना पटलं, तेव्हा कुठं शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढण्यात त्यांना अर्थ वाटला. व्युत्क्रम कोन रंगीत खडूनं भरले आणि तिन्ही कोन एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी बसले. त्या वेळी प्रोजेक्टर बंद होता.

म्हणून बिंदू हलवण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घे. क्षेत्रफळाला तर आपल्याकडचा बांधच घे. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १ गुंठा, बांध १३२ फूट. तोच गुंठा ११ बाय ९९ चा केला की बांध २२० फूट. बांध वाढला की रान वाढलं, असं बरीच पोरं म्हणतील. म्हणू दे. स्लायडर, म्हणजे लांबी-रुंदी बदलायची पडद्यावरची सरकपट्टी, त्यांच्याच हातात दे.

बी.एड.च्या मैत्रिणींसोबत हे आधी स्वतः करून बघ, आणि तुम्ही कुठं अडकलात ते लिहून ठेव. टाचण पुन्हा लिही. 'मुलं इथं काय म्हणतील' हा रकाना सगळ्यात आधी भर. रविवारपर्यंत पाठव, मी वाट बघतो.

तुझे सर