विरघळेल की साका बसेल?

प्रश्न : मीठ विरघळते, शहाबादी फरशी वर्षानुवर्षे धुतली तरी तशीच. दोन्ही आयनिकच ना? (दहावीतला विद्यार्थी)

उत्तर : हो, फरशीत मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट असते. विरघळणे म्हणजे रस्सीखेच. आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, एकमेकांना धरून ठेवतात, पाण्याचे रेणू त्यांना आपल्याकडे ओढतात. मिठातल्या आयनांवर एकेकच प्रभार, त्यामुळे पकड बेताची. 100 मिली पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ सहज मावते. कॅल्शिअम आणि कार्बोनेट, दोघांवर दुहेरी प्रभार. तेवढ्याच पाण्यात जेमतेम मिलिग्रॅमभर जाते. पण नुसता प्रभार मोजून उत्तर लिहू नका, फसाल. सिल्व्हर क्लोराईडमध्येही प्रभार एकेकच, तरी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाच्या पाण्याचे थेंब पडताच दह्यासारखा पांढरा साका धरतो.

प्रश्न : काय विरघळते, काय नाही, या नियमांचा तक्ता पाठच होत नाही. काय करू? (बारावीची विद्यार्थिनी)

उत्तर : सगळा एकदम घोकू नकोस. सोडिअम, पोटॅशिअम, अमोनिअम किंवा नायट्रेट दिसले की विरघळणार, एवढे आधी पक्के कर. क्लोराईडे विरघळतात, पण चांदी आणि शिसे आडवे येतात. सल्फेटांत बेरिअम आणि शिसे. कार्बोनेट, फॉस्फेट बहुधा नाहीच. मग लेड नायट्रेटमध्ये पोटॅशिअम आयोडाईड घातले तर? जोड्या बदलून लिही. पोटॅशिअम नायट्रेट द्रावणातच राहते, म्हणजे साका लेड आयोडाईडचा, पिवळाधमक. परीक्षानळी तापवली की तो बराचसा विरघळतो आणि निवताना सोनेरी पापुद्रे चमचमत खाली उतरतात. प्रत्येक मुलाने हे एकदा डोळ्यांनी बघायलाच हवे. शिसे विषारी आहे, म्हणून शिक्षकांच्याच हातून.

प्रश्न : बेरिअम विषारी, मग एक्स-रेच्या आधी आईला ते का पाजले?

उत्तर : पाजतात ते बेरिअम सल्फेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, जठरातल्या आम्लालाही दाद देत नाही, म्हणून रक्तात न जाता बाहेर पडते. बेरिअम कार्बोनेटही पाण्यात जेमतेमच विरघळते, पण आम्लात झटकन. ते पोटात गेले तर जिवावर बेतते. म्हणून ‘अविद्राव्य’ वाचले की कशात, हे आवर्जून विचारा.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. मीठच का?

उत्तर : नाही. मीठ असते तर पाण्यानेच धुऊन गेले असते. पाण्यात विरघळलेले कॅल्शिअम बायकार्बोनेट तापले की त्याचे कार्बोनेट होऊन चिकटते. खरवडलेल्या कपच्यांवर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे येतील.