कॅमेऱ्याची बॉडी बदलू की चांगली लेन्स घेऊ?

तुमच्याकडे कॅनन १५००डी आहे, तिच्याबरोबर आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स आहेत आणि तक्रारी तीन आहेत. रंगमंचावरचे आणि घरातल्या कार्यक्रमांचे फोटो दाणेदार येतात, वर माणसंही हललेली दिसतात. पोर्ट्रेटमध्ये मागचं म्हणावं तसं धूसर होत नाही. आणि उडते पक्षी फोकसमध्ये सापडत नाहीत. सध्या एकच वस्तू घेणं शक्य आहे आणि मन फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीकडे ओढ घेतंय.

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. पहिल्या दोन तक्रारींसाठी लेन्स घ्या, तीही साधी ५० एमएम एफ/१.८ एसटीएम (एफपुढचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते; एसटीएम हा फोकस मोटरचा प्रकार). तिसरी तक्रार खरोखरच बॉडीची आहे, पण तिच्यासाठीही फुल फ्रेमची गरज नाही.

रंगमंचाचा एखादा फसलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि त्याची माहिती बघा. बहुधा असं काहीतरी दिसेल: ५५ एमएम, एफ/५.६, १/६० सेकंद, आयएसओ ६४००. या चार आकड्यांतच सगळं दुखणं आहे. १८-५५ पूर्ण झूम केली की एफ/५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. उजेड कमी, म्हणून कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, चढवत नेतो आणि दाणे येतात. तरीही पुरत नाही म्हणून शटर १/६० वर येतो, आणि तेवढ्या वेळात नाचणाऱ्याचा हात फ्रेमभर फिरून येतो. लेन्सवर आयएस लिहिलंय, मग फोटो हलतो कसा, असं बरेच जण विचारतात. आयएस तुमच्या हाताचा कंप सांभाळतं. समोरचा माणूस हलला तर त्याला ते काही करू शकत नाही.

आता त्याच जागी एफ/१.८ ची लेन्स लावा. एफ/५.६ ते एफ/१.८ म्हणजे सव्वातीन स्टॉपच्या आसपासचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), जवळजवळ दहापट उजेड. त्यातले दोन स्टॉप शटरला दिले तर १/६० चा १/२५० होतो, आणि उरलेल्यात आयएसओ ६४०० वरून २५०० च्या आसपास उतरतो. हात थांबलेला दिसेल आणि दाणेही बरेच कमी होतील. बॉडी तीच, सेन्सर तोच.

हेच फुल फ्रेमने साधेल का? फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा. कॅननच्या क्रॉप, म्हणजे तुमच्या १५००डीतल्या लहान सेन्सरपेक्षा त्याचं क्षेत्रफळ साधारण अडीचपट, म्हणजे दाण्यांच्या हिशोबात सव्वा-दीड स्टॉपचा फायदा. कागदावर छान वाटतं. पण त्या बॉडीवर लेन्स कोणती लावणार? पैसे बॉडीत संपल्यावर माणूस बरोबर मिळणाऱ्या झूमवर भागवतो. कॅननच्या स्वस्तातल्या फुल फ्रेम बॉडीबरोबर बऱ्याचदा आरएफ २४-१०५ एफ/४-७.१ येते. पूर्ण झूमवर ती एफ/७.१. फुल फ्रेमवरचा एफ/७.१ म्हणजे दाण्यांच्या आणि धूसरपणाच्या दृष्टीने तुमच्या १५००डीवरचा एफ/४.५ धरा (फुल फ्रेमची लांबी-रुंदी तुमच्या सेन्सरच्या १.६ पट, म्हणून ७.१ ला १.६ ने भागून बघा). आत्ता तुम्ही एफ/५.६ वर आहात. म्हणजे एवढा खर्च करून हाती लागणार जेमतेम पाऊण स्टॉप, आणि छोटीशी पन्नासची लेन्स देते तीनच्या वर. हा हिशोब विक्रेता करून दाखवत नाही.

आणखी एक मेख आहे. तुमच्या दोन्ही लेन्स ईएफ-एस आहेत, क्रॉप सेन्सरसाठी बनवलेल्या. कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) त्या बसतच नाहीत. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या आर मालिकेवर अडॅप्टरने बसतात, पण कॅमेरा आपोआप क्रॉपवर जातो आणि २४ मेगापिक्सेलचे नऊ-साडेनऊ उरतात. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला तेवढे पुष्कळ आहेत, पण फुल फ्रेम घेऊन साडेनऊ मेगापिक्सेल वापरायचे हे काही पटत नाही. निकॉनवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्या सुरुवातीच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स बसतात पण ऑटोफोकस होत नाहीत. जुनी लेन्स स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारण्याआधी हे बघून घ्यावं.

धूसरपणाचं बोलू. मागचं किती विरघळेल हे अपर्चर (लेन्स किती उघडी आहे), फोकल लेंग्थ (लेन्सचा एमएमचा आकडा), तुमचं समोरच्या माणसापासूनचं अंतर आणि त्याच्यामागे किती मोकळी जागा आहे, या चौघांवर ठरतं. शेवटचं फुकट आहे आणि तेच लोक विसरतात. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या माणसाची भिंत कुठलीच लेन्स विरघळवत नाही. घरात ५५-२५० लावून मागे सरकायला जागा मिळत नाही, आणि तिथे ५० एमएम एफ/१.८ कामाला येते. क्रॉपवर ती ८० एमएमसारखी दिसते, चेहऱ्यासाठी उत्तम. फक्त सुरुवातीला जरा जपून. तीन मीटरवरून एफ/१.८ ला फोकसची खोली जेमतेम वीतभर असते. दीड मीटरवर आलात की तीन-चार बोटं, म्हणजे पापणी स्पष्ट आणि कान धूसर. दोन माणसं पुढेमागे उभी असतील तर एफ/२.८ किंवा एफ/४ वर जा, नाहीतर मागचा तुम्हाला विचारेल की माझा फोटो असा का आला. फोकससाठी मधला एकच पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा. १५००डीला नऊच पॉइंट आहेत आणि त्यातला मधलाच क्रॉस-टाइप (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, कमी उजेडात भरवसा त्याचाच.

५० घ्यायची की ३५, हे दुकानात जाऊन ठरवू नका. १८-५५ ची रिंग ५० वर ठेवा आणि एखादा पूर्ण कार्यक्रम ती न हलवता काढा. मग ३५ वर तसंच. कुठे पाठ भिंतीला लागते आणि कुठे समोरचं फार लहान दिसतं, ते लगेच कळेल. रंगमंच लांब असेल, तुम्ही मागच्या रांगांत बसत असाल, तर ५० तोकडी पडेल; तिथे ईएफ ८५ एमएम एफ/१.८ बघा. ती १९९२ पासूनची आहे, पण काम चोख करते. झूमची सोय जाते हे खरं. आणि एफ/१.८ ला या लेन्स कोपऱ्यांत थोड्या मऊ असतात, तेही खरं. स्टेजच्या फोटोत कोपऱ्यात बहुतेक वेळा अंधारच असतो, त्यामुळे मला त्याची पर्वा वाटत नाही.

आता पक्षी. इथे मात्र माझा कल बदलतो.

बसलेला पक्षी लहान दिसतो, ही तक्रार लेन्सची. २५० एमएम क्रॉपवर ४०० सारखी दिसते खरी, पण छोट्या पक्ष्यासाठी तेवढ्याने भागत नाही. फ्रेमची लांबी-रुंदी अर्धी करून कापलीत की २४ चे ६ मेगापिक्सेल राहतात. उडता पक्षी फोकसमध्ये येत नाही, ही तक्रार मात्र बहुतांशी बॉडीची. नऊ पॉइंट, सेकंदाला तीन फोटो. पक्षी मधल्या पॉइंटवरून सरकला की फोकस मागच्या झाडावर. कितीही मोठी लेन्स लावली तरी हे तसंच राहणार, उलट जास्त झूममध्ये पक्षी फ्रेममध्ये ठेवणंच अवघड होतं. यासाठी २०२२ मध्ये आलेल्या आर१० सारखी क्रॉप सेन्सरची मिररलेस बॉडी बघा. ती पक्षी स्वतः ओळखून त्याच्यामागे फोकस नेते आणि मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फोटो काढते. सेन्सर तुमच्याएवढाच, मेगापिक्सेलही जवळपास तेवढेच, तरी उडत्या पक्ष्यांचे निकाल पार वेगळे. आणि क्रॉप असल्यामुळे तुमच्या दोन्ही ईएफ-एस लेन्स अडॅप्टरवर पूर्ण २४ मेगापिक्सेलने चालतात. त्या अडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा घसरत नाही.

त्याआधी दोन गोष्टी करून बघा. एआय सर्व्हो मोड (हलत्या गोष्टीवर फोकस सतत जुळवत राहणारा), मधला पॉइंट, शटर १/२००० च्या आसपास, आणि पक्षी तुमच्याकडे येताना न धरता आडवा जाताना धरा. आणि तुमची ५५-२५० कुठली आहे तेही बघा. डबल किटमध्ये बहुधा आयएस २ येते, तिची फोकस मोटर जुन्या धाटणीची आणि मंद आहे. त्याच लेन्सची एसटीएम आवृत्ती बरीच चपळ आहे आणि सेकंडहँड सहज मिळते. बगळ्यासारख्या संथ उडणाऱ्यांचं तेवढ्यावर भागेलही. वेड्या राघूचं नाही.

‘बॉडी जुनी होते, लेन्स आयुष्यभर टिकते’ हे वाक्य तुम्हाला दहा जणांनी ऐकवलं असेल. मला ते अर्धंच पटतं. लेन्सची किंमत बॉडीइतकी झपाट्याने पडत नाही हे खरं. पण आजच्या लेन्समध्येही मोटर आहे, सर्किट आहे, आणि माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जोडणी, बदलतात. कॅननने ईएफ माउंट १९८७ ला आणला आणि २०१८ ला आरएफ. २०२० नंतर कॅननने किंवा निकॉनने एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. तरी तुमच्या बाबतीत ईएफ लेन्स घेणं वाया जाणार नाही, कारण उद्या आर मालिकेत गेलात तरी ती अडॅप्टरवर नीट चालते. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे सेकंडहँड ईएफ लेन्स भरपूर बाहेर आल्या आहेत, हा तुमचा फायदा.

सेकंडहँड घेताना मागचं झाकण काढा आणि मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. फोटोत दिसत नाही असं विकणारा कितीही सांगो, घेऊ नका. दोन-चार धुळीचे कण असतील तर सोडून द्या. मग तुमच्याच बॉडीवर लावून अपर्चर एफ/८ वर ठेवा आणि डेप्थ ऑफ फील्ड बघायचं बटण सोयीचं नसेल तर सरळ फोटो काढत समोरून आत बघा. अपर्चरची पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळत मिटत असतील तर त्यांवर तेल आलंय. शेवटी एफ/१.८ ला छापील मजकुराचा तिरका फोटो काढून फोकस ज्या ओळीवर ठेवला त्याच ओळीवर पडतोय का ते तपासा. १५००डीमध्ये फोकसची बारीक दुरुस्ती करण्याची सोय नाही, म्हणून हे जागेवरच बघायला हवं.

बॉडी आधी बदला असं मी कधी सांगतो? पैसे घेऊन लग्नं किंवा कार्यक्रम काढत असाल तर, कारण तिथे दोन कार्डांची बॉडी हवी. एक कार्ड रुसलं तर तो दिवस परत आणता येत नाही. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर. आणि उडते पक्षी किंवा मैदानी खेळ हाच तुमचा जीव असेल तर. मेगापिक्सेलसाठी मात्र कधीच नाही. २४ वरून ३३ वर गेलात तर फोटोची रुंदी सतरा टक्क्यांनी वाढते, आणि ए४ प्रिंटला ३०० डीपीआयने नऊसुद्धा लागत नाहीत.

जेपेग काढत असाल तर आजपासून रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, काढा. हल्लीची नॉइज काढणारी सॉफ्टवेअर रॉ फाइलवर कमाल करतात, आणि तुमच्या जुन्या आयएसओ ६४०० च्या फोटोंपैकी काही रॉमध्ये असतील तर तेही बरेच सावरतील.

तुम्ही रंगमंचापासून साधारण किती अंतरावर बसता आणि तुमची ५५-२५० आयएस २ आहे की एसटीएम, एवढं खाली लिहा. मग ५० की ८५ ते नेमकं सांगता येईल.