हिरडीवरची पुळी येते-जाते आणि "दुधाची दाढ आहे, पडेल" हे उत्तर

तुमचं वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुम्ही लिहिलंत ते असं: साडेचार वर्षांची मुलगी, खालच्या शेवटच्या दोन दाढांच्या फटीत काळं, मागच्या दाढेच्या हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते. दवाखान्यात अँटिबायोटिकचं सिरप दिलं, दाढ दुधाची आहे, आपोआप पडेल असं सांगितलं, आणि मुलगी खुर्चीत तोंडच उघडत नाही. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, पालक आहे. तपासल्याशिवाय आणि एक्स-रेशिवाय तुमच्या मुलीच्या दाढेचं काय करायचं हे कुणीच ठरवू शकत नाही.

ब्रश, गोड खाणं, रात्रीची दुधाची बाटली हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

"पडेल" हे खरं आहे, पण कधी, हे कुणी सांगत नाही. खालचे पुढचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. तुम्ही म्हणताय ती दुसरी दुधाची दाढ पडते १० ते १२ वर्षांच्या दरम्यान. डॉक्टरांच्या कागदावर दाताचा क्रमांक ७५ किंवा ८५ लिहिला असेल तर तीच ती. म्हणजे ही दाढ अजून साडेपाच ते साडेसात वर्षं तोंडात हवी आहे.

पुळी दुखत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, तिथेच फसगत होते. पसाला बाहेर पडायला वाट मिळाली आहे, दाब साचत नाही, म्हणून दुखत नाही. आतली नस बहुधा मेलेली असते आणि मेलेल्या नसेत रक्त जात नाही, त्यामुळे गोळ्या-सिरप तिथवर पोचतच नाही. आजूबाजूची सूज ओसरते, काही दिवसांनी पुळी पुन्हा हजर. दुधाच्या दाढेत हा संसर्ग मुळांच्या टोकापेक्षा दोन मुळांच्या मधल्या हाडात जास्त दिसतो, आणि नेमकी तिथेच, दुधाच्या दाढेखाली, कायमची दाढ घडत असते. संसर्ग रेंगाळला तर तिच्या वरच्या आवरणावर डाग किंवा खड्डे राहू शकतात. गाल सुजला, ताप आला तर अँटिबायोटिक लागतं, पण तेव्हाही मूळ दाढेचा उपचार करावाच लागतो. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली सरकली, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता पर्याय. एक्स-रेमध्ये मुळं शाबूत असतील आणि हाड फार झिजलेलं नसेल तर रूट कॅनॉल करून दाढ वाचवता येते. दुधाच्या दाढेत विरघळणारी पेस्टच भरायची असते, कारण खालची दाढ वर येताना दुधाच्या दाढेची मुळं झिजायला हवीत. मोठ्यांच्या दातात भरतात ते गटापर्चा इथे चालत नाही. वरून स्टीलची कॅप हवीच. नुसतं सिमेंट भरून सोडलेली दाढ फुटते किंवा कडेने झिरपते. कॅप चंदेरी दिसते म्हणून नको म्हणू नका, मागची दाढ आहे आणि ती टिकते.

पुढची दाढ नुसती किडली असेल, नस ठीक असेल, तर कीड न कोरता आणि इंजेक्शन न देता कॅप बसवण्याची पद्धत आहे, तिला हॉल टेक्निक म्हणतात. फट कमी असेल तर आधी दाढांमध्ये रबराची बारीक रिंग काही दिवस ठेवतात, मग कॅप दाबून बसवतात. चावताना एक-दोन आठवडे उंच वाटते, नंतर सवय होते. पुळी असलेल्या दाढेला मात्र ही पद्धत लागू नाही.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते पुढचं. एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) दर वेळी सिरप दिलं आणि शेवटी दाढ काढून टाकली. जागा राखायचा विषय कुणी काढलाच नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात. पुढे दुसरी दुधाची दाढ नसेल तर ही दाढ येताना पुढे सरकते, कलते, आणि खालून येणाऱ्या दाढेची जागा गिळते. जागा सर्वात झपाट्याने जाते ती पहिल्या सहा महिन्यांत. मग वर्षानुवर्षं तारा.

म्हणून दाढ काढायचीच ठरली तर त्याच भेटीत विचारा, "स्पेस मेंटेनर (जागा राखणारं साधन) कोणता आणि कधी?" कायमची दाढ आलेली असेल तर तिला पट्टा बसवून पुढे तारेची कमान देतात, ते सोपं असतं. तुमच्या मुलीची अजून आलेली नसणार. अशा वेळी पुढच्या दुधाच्या दाढेवर बसवून हिरडीखाली एक छोटं पातं जाणारा मेंटेनर लागतो. तो बसवणं नाजूक काम आहे आणि हृदयाचे काही आजार असलेल्या मुलांना देत नाहीत. एवढ्यासाठीच माझं ठाम मत आहे की निदान वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत ही दाढ वाचवण्याचा आटापिटा करावा. मेंटेनर बसवला तर सहा महिन्यांनी तपासणी, सैल झाला तर त्याच आठवड्यात दाखवायचं, आणि खालची दाढ डोकावली की काढायचा.

तोंड न उघडण्याबद्दल. दुखणं आणीबाणीचं नसेल तर हातपाय धरून काम करून घेऊ नका. दाढेचं काम होईल, पण मूल पुढे कित्येक वर्षं खुर्चीत बसणार नाही. चांगला बालदंततज्ज्ञ आधी सांगतो, मग दाखवतो, मग करतो. फिरणारा ब्रश आधी तिच्या नखावर फिरवतो, हवेची फुंकर तळहातावर देतो, आणि तिला सांगतो की हात वर केलास की मी थांबेन. तिने हात वर केला की तो खरंच थांबतो का, एवढं बघा. भिंतीवरच्या कार्टूनपेक्षा ते महत्त्वाचं. सुई देण्याआधी बधिर करणारं जेल कोरड्या हिरडीवर निदान एक मिनिट ठेवायला हवं. लावलं आणि लगेच टोचलं तर जेलचा काही उपयोग नाही.

तुमच्या बाजूने दोनच गोष्टी. "अजिबात दुखणार नाही" असं वचन देऊ नका, आणि "गप्प बस नाहीतर डॉक्टर सुई देतील" हे घरात कुणालाही, आजी-आजोबांनाही, बोलू देऊ नका. वेळ सकाळची घ्या, मूल ताजंतवानं असतं. पहिली भेट फक्त बघण्याची आणि एक्स-रेची ठेवा.

काम खूप असेल आणि दोन-तीन भेटींतही ती तयार झाली नाही, तर लाफिंग गॅस किंवा पूर्ण भूल हे पर्याय असतात. पूर्ण भूल असेल तर वेगळा भूलतज्ज्ञ हवा आणि हॉस्पिटलची सोय हवी, यावर तडजोड नको. उपाशी ठेवण्याच्या वेळा ते लिहून देतील, त्या काटेकोर पाळा. "घोटभर दूध चालेल" असं आपल्या मनाने करू नका.

आणखी एक, जे सांगायचं हमखास राहतं. खालच्या दाढेचं इंजेक्शन दिल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर असतो. मुलं तो चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा चट्टा दिसतो. लोक घाबरून संसर्ग समजतात. बधिरपणा जाईपर्यंत चावायचं काही देऊ नका आणि तिच्याजवळ बसून राहा.

एक्स-रे आधीच काढला असेल तर त्याची प्रत मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा काढावा लागणार नाही. त्यात दोन मुळांच्या मध्ये काळपट भाग दिसतोय का आणि मुळं किती उरली आहेत, हे दोन प्रश्न विचारा. दाढ ठेवायची की काढायची, हे मुख्यतः त्या उत्तरांवर ठरेल.